वाचकांचे प्रश्न : ‘#नेम?’ दिसले म्हणजे काय समजावे?

अंबडचे एखादे वर्कशॉप असो, पिंपळगाव बसवंतचे पॅकहाऊस असो की शहरातली जुनी पतसंस्था, मोठ्या सॉफ्टवेअरच्या शेजारी ॲक्सेस या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरची एखादी फाइल हमखास सापडते. ती कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने करून दिलेली असते, करणारा आता पुण्यात नोकरीला असतो आणि फाइल मात्र रोज सकाळी न चुकता उघडली जाते. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेस १९९२ साली बाजारात आणले. त्यानंतर त्याचे रूप पुष्कळ बदलले, पण फॉर्म (माहिती भरण्या-पाहण्याचा पडदा) आणि रिपोर्ट (छापण्यासाठीचा तक्ता) यांच्या तक्रारी फारशा बदललेल्या नाहीत. या वेळी त्यांतील काही पत्रे एकत्र घेतली आहेत. एक सूचना आधीच देऊन ठेवतो. खाली सांगितलेला कोणताही उपाय करण्यापूर्वी फाइल बंद करून तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि फॉर्मला किंवा रिपोर्टला हात लावण्याआधी त्यामागची क्वेरी, म्हणजे टेबलांतून हव्या त्या नोंदी निवडून देणारी मागणी, स्वतंत्रपणे उघडून पाहावी. फॉर्म आणि रिपोर्ट यांच्यापाशी स्वतःचा डेटा नसतो. त्यांना जे दाखवायला सांगितले आहे तेच ते दाखवतात, आणि सांगण्यात चूक असेल तर तीही तितक्याच इमानाने दाखवतात.

प्रश्न : आम्ही दिंडोरी तालुक्यातील काही द्राक्ष बागायतदार मिळून गट चालवतो. गट नंबर, वाण, छाटणीची तारीख आणि फवारण्या यांची नोंद ॲक्सेसमधील फॉर्ममध्ये ठेवतो. परवा फॉर्म उघडला तेव्हा सर्व रकाने कोरे होते आणि खाली ‘१ पैकी १’ असे दिसत होते. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या आहेत. त्या परत कशा मिळवाव्यात?

उत्तर : नोंदी गेलेल्या नाहीत, असे मी पत्र वाचूनच सांगू शकतो, तरीही खात्री तुमची तुम्ही करून घ्यावी. डावीकडच्या यादीतून मूळ टेबल उघडा. तेथे सर्व ओळी दिसतील.

फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे रचना बदलण्याच्या खिडकीत, उघडला की त्याच्या गुणधर्मांची यादी म्हणजे प्रॉपर्टी शीट दिसते. तिच्यात ‘डेटा’ या टॅबखाली ‘डेटा एंट्री’ नावाची एक प्रॉपर्टी असते. नाव वाचून कुणालाही वाटेल की, या फॉर्मवर माहिती भरायची असल्यामुळे तेथे ‘येस’च हवे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘हा फॉर्म फक्त नवी नोंद भरण्यासाठी उघडावा, जुन्या नोंदी दाखवू नयेत’ असा आहे. तुमच्याकडे कुणीतरी सद्भावनेने तेथे ‘येस’ केलेले असावे. तेथे ‘नो’ करून फॉर्म सेव्ह केला की सगळे बागायतदार जागच्या जागी दिसू लागतील. एवढ्याने भागले नाही, तर फॉर्म ज्या बटणावरून उघडता ते बटण तपासा. बटणामागच्या मॅक्रोमध्ये ‘डेटा मोड’पुढे ‘ॲड’ लिहिलेले असेल तरी हाच परिणाम होतो. मग फॉर्म यादीतून थेट उघडल्यास नोंदी दिसतात आणि बटणाने उघडल्यास दिसत नाहीत.

तिसरी शक्यता फिल्टरची असते. फॉर्मच्या तळाशी, नोंदींच्या बाणांशेजारी ‘फिल्टर्ड’ असे दिसत असेल तर त्यावर एकदा क्लिक करावे. फॉर्म बंद करून पुन्हा उघडल्यावर फिल्टर परत येत असेल, तर ‘फिल्टर ऑन लोड’ ही प्रॉपर्टी ‘नो’ करावी.

यापेक्षा वेगळा असा एक प्रकार आहे. त्यात रकाने कोरे नसतात, तर रकानेच नसतात. शीर्षक तेवढे दिसते आणि खाली करडा पडदा राहतो. दाखवायला एकही नोंद नाही आणि नवी नोंद घालण्याचीही मुभा नाही, अशा वेळी ॲक्सेस मधला भाग पूर्ण रिकामा ठेवते. फॉर्म बेरजेच्या किंवा गटवार क्वेरीवर बसवलेला असला की असे होते, कारण तसल्या क्वेरीत नवी ओळ घालता येत नाही.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. बिलाच्या फॉर्मवर एका चौकटीत ‘#नेम?’ येते, करासह रकमेच्या चौकटीत ‘#एरर’ येते आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये कधी कधी एकूण बेरजेच्या जागीही ‘#एरर’ छापले जाते. टेबलमधील दर बरोबर आहेत. संगणक दुरुस्त करणारा मुलगा व्हायरस असल्याचे सांगून फॉरमॅट करू म्हणतो.

उत्तर : त्याला कृपया थांबवा. ही दोन चिन्हे म्हणजे दोन निरनिराळे निरोप आहेत आणि ते नीट वाचले तर निम्मे काम तेथेच होते.

‘#नेम?’ याचा अर्थ ‘या नावाचे मला येथे काही सापडत नाही’ असा आहे. चौकट डिझाइन व्ह्यूमध्ये निवडा आणि ‘कंट्रोल सोर्स’ची, म्हणजे चौकटीत काय दाखवायचे ते सांगणारी, ओळ अक्षर न् अक्षर वाचा. टेबलमध्ये ‘ग्राहकनाव’ या फील्डचे (रकान्याचे) नाव कुणी ‘ग्राहकाचे नाव’ असे केले असेल, तर फॉर्म अजून जुन्याच नावाने हाक मारत असतो. फॉर्म क्वेरीवर बसवलेला असेल तर फील्ड टेबलमध्ये असूनही क्वेरीत घेतलेले नाही, असेही असू शकते. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे गणित लिहिताना सुरुवातीचे बरोबरचे चिन्ह राहून जाणे. मग ॲक्सेस त्या अख्ख्या गणितालाच एका फील्डचे नाव समजते आणि शोधत बसते. फॉर्म नव्या संगणकावर नेल्यावर आजची तारीख देणारे साधे फंक्शनही ‘#नेम?’ दाखवू लागले, तर मात्र फॉर्मकडे पाहू नका. अशा वेळी व्हीबीएच्या, म्हणजे ॲक्सेसमधील कोड लिहिण्याच्या भाषेच्या, खिडकीत ‘टूल्स’खालील ‘रेफरन्सेस’ उघडा. तेथे एखाद्या ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेले असेल. जुन्या संगणकावर असलेली एखादी लायब्ररी नव्यावर नाही आणि त्या एका अनुपस्थितीमुळे इतर फंक्शनांचाही पत्ता लागत नाही. ती ओळ गरजेची नसल्यास तिची खूण काढावी, गरजेची असल्यास ती लायब्ररी बसवून घ्यावी.

‘#एरर’ म्हणजे नाव सापडले, पण हिशेब पुरा झाला नाही. तुमच्या करासह रकमेच्या चौकटीचे मूळ बहुधा असे असेल. फील्डच्या यादीतून ‘रक्कम’ हे फील्ड उचलून फॉर्मवर टाकले की तयार होणाऱ्या चौकटीलाही ॲक्सेस ‘रक्कम’ हेच नाव देते. नंतर कुणीतरी त्याच चौकटीच्या कंट्रोल सोर्समध्ये १८ टक्के कर धरण्यासाठी ‘बरोबर चिन्ह, चौकोनी कंसात रक्कम, गुणिले १.१८’ असे लिहिले. आता गणितातील ‘रक्कम’ म्हणजे टेबलमधील फील्ड की स्वतः ती चौकट, असा पेच पडतो. चौकट स्वतःचीच किंमत स्वतःला विचारत राहते आणि शेवटी ‘#एरर’ दाखवते. प्रॉपर्टी शीटच्या ‘ऑल’ टॅबवर ‘नेम’ आणि ‘कंट्रोल सोर्स’ जवळजवळच असतात. त्यांतील नेम बदलून ‘करासह रक्कम’ असे करा, गणिताला हात लावू नका. गणित बरोबर दिसत असल्यामुळे माणूस तेच पुनःपुन्हा तपासत बसतो आणि वर एका ओळीवरच्या नावाकडे त्याचे लक्ष जात नाही. मी स्वतः या एका गोष्टीवर एक अख्खा रविवार घालवलेला आहे.

रिपोर्टच्या बेरजेत ‘#एरर’ येण्याची दोन कारणे असतात. त्या महिन्यात एकही बिल नसेल, तर बेरजेला काही आधारच उरत नाही. म्हणूनच ते तुम्हाला ‘कधी कधी’ दिसते. रिपोर्टला ‘ऑन नो डेटा’ नावाचा इव्हेंट असतो. तेथे ‘या काळात बिले नाहीत’ असा संदेश देऊन रिपोर्ट रद्द करावा. असे केल्यावर रिपोर्ट उघडणाऱ्या बटणाच्या कोडमध्ये २५०१ क्रमांकाची चूक येईल. ‘मागितलेली क्रिया रद्द झाली’ एवढेच ती सांगते, त्यामुळे कोडमध्ये तेवढी चूक दुर्लक्षित करावी. रिपोर्टच्या आत सबरिपोर्ट असेल तर बेरीज घेण्यापूर्वी त्याची ‘हॅजडेटा’ ही प्रॉपर्टी तपासून, नोंदी नसल्यास शून्य दाखवावे. दुसरे कारण जागेचे आहे. ‘सम’ची बेरीज गटाच्या किंवा रिपोर्टच्या तळाशी चालते, पानाच्या तळाशी म्हणजे पेज फुटरमध्ये चालत नाही. तेथे ती ठेवली तर प्रत्येक पानावर ‘#एरर’ येईल.

जाता जाता, चौकटीत नुसती ‘#####’ अशी रांग दिसली तर ती चूकच नव्हे. आकडा मोठा आहे आणि चौकट अरुंद आहे. ती ओढून रुंद करा.

प्रश्न : सातपूर येथील आमच्या कार्यालयात रिपोर्ट छापताना प्रत्येक पानामागे एक कोरे पान निघते. प्रिंटर बदलून पाहिला, फरक पडला नाही.

उत्तर : प्रिंटर निर्दोष आहे. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. डावा आणि उजवा समास प्रत्येकी १.२७ सेंटिमीटर धरला, तर रिपोर्टसाठी १८.४६ सेंटिमीटर उरतात. रिपोर्टची रुंदी यापेक्षा किंचितही अधिक झाली, की तो उरलेला काठ पुढच्या पानावर जातो, आणि त्या काठावर काहीच नसल्यामुळे पान कोरे दिसते. डिझाइन व्ह्यूमध्ये उजवी कड डावीकडे ओढा. ती एका मर्यादेपलीकडे सरकत नसेल तर एखादी आडवी रेघ किंवा रिकामे लेबल त्या टोकापर्यंत पसरलेले आहे. बहुतेक वेळा शीर्षकाखालची रेघच निघते. ती आखूड केली की कड सरकते. रिपोर्टच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल तर त्यावर क्लिक केल्यास जास्तीची जागा काढून टाकण्याचा पर्यायही मिळतो. पेज सेटअपमध्ये कागद ‘लेटर’ राहिलेला नाही ना, तेही पाहावे. तो २१.५९ सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे त्याच्या मापाने बेतलेला रिपोर्ट ए-४वर नेमका ओसंडतो.

प्रश्न : लासलगावात आमची कांद्याची आडत आहे. जूनमध्ये हिशेब तपासताना ५ एप्रिलची आवक मागितली, तर रिपोर्टमध्ये ४ मेची आवक आली. १३ एप्रिलनंतरच्या कोणत्याही दिवसाचा रिपोर्ट मात्र अचूक येतो. संपूर्ण एप्रिलची आवक क्विंटलमध्ये मागितली तर आकडा भलताच फुगतो. टेबलमधील तारखा आम्ही पावत्यांशी ताडून पाहिल्या आहेत, त्या बरोबर आहेत.

उत्तर : तुम्ही ‘१३ नंतर बरोबर येते’ हे टिपलेत, तेथेच निदान झाले. महिने १२ असतात.

विंडोजमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी ठेवलेली असली, तरी ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये (क्वेरी ज्या भाषेत लिहिली जाते तिच्यात) दोन हॅश चिन्हांच्या मध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी वाचली जाते. तुमच्या फॉर्मवरील बटणाच्या कोडमध्ये चौकटीतील तारीख जशीच्या तशी दोन हॅशांमध्ये जोडलेली असणार. त्यामुळे ०५/०४ म्हणजे ४ मे होते. १३/०४ वाचताना तेरावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस निमूटपणे क्रम उलटवते आणि १३ एप्रिल धरते. हा समजूतदारपणाच घात करतो. प्रत्येक वेळी चूक झाली असती तर पहिल्याच आठवड्यात ध्यानात आली असती. ५ एप्रिलला त्याच दिवशी कुणी हा रिपोर्ट काढला असता तर तो कोरा आला असता, कारण मे उजाडायचाच होता.

पूर्ण महिन्याचा फुगवटाही यातूनच येतो. ‘०१/०४ पासून ३०/०४ पर्यंत’ असे तुम्ही मागता. त्यातील पहिली तारीख ४ जानेवारी म्हणून वाचली जाते आणि दुसरी, तिसावा महिना नसल्यामुळे, ३० एप्रिल अशीच राहते. म्हणजे लाल कांद्याचे जवळजवळ तीन महिने तुमच्या उन्हाळ कांद्याच्या एप्रिलमध्ये मिसळले जातात.

उपाय असा की, हॅशांमध्ये तारीख जोडण्यापूर्वी ती ‘फॉर्मॅट’ या फंक्शनने चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमात, मध्ये आडव्या रेघा देऊन, लिहून घ्यावी. या क्रमात गोंधळाला जागा राहत नाही. क्वेरीच्या डिझाइनमधील चौकटींच्या जाळीत तुम्ही हाताने तारीख लिहिता तेव्हा मात्र विंडोजची मांडणीच पाळली जाते, म्हणून तेथे काही बदलू नका. तेथे बरोबर आणि कोडमधून चूक, हे पाहूनच अनेकांना सॉफ्टवेअर चंचल असल्याचा भास होतो.

अजून एक शंका येते, तीही तपासा. आवकेची नोंद करताना तारीख ‘नाऊ’ या फंक्शनने घातली जात असेल, तर तारखेबरोबर वेळही साठते. मग ‘३० एप्रिलपर्यंत’ म्हटल्यावर ३० एप्रिलच्या मध्यरात्री बारापर्यंतच, म्हणजे तो दिवस सुरू होतो त्या क्षणापर्यंतच्या नोंदी येतात, आणि त्या दिवशी सकाळच्या लिलावात आलेला एकही ट्रॅक्टर हिशेबात येत नाही. अट ‘१ मेपेक्षा कमी’ अशी लिहावी.

प्रश्न : रिपोर्ट उघडताना दर वेळी ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी चौकट येऊन ‘विभाग’ विचारते. क्वेरी उघडली तर काही विचारत नाही.

उत्तर : म्हणजे क्वेरी सुटली आणि दोष रिपोर्टमध्ये उरला. ‘विभाग’ हे फील्ड पूर्वी होते आणि आता काढले किंवा त्याचे नाव बदलले आहे. रिपोर्ट मात्र अजून ते मागतो आहे. चौकटींमध्ये सापडले नाही तर ‘ग्रुप, सॉर्ट अँड टोटल’ची पट्टी उघडा आणि शेवटी रिपोर्टच्या ‘ऑर्डर बाय’ व ‘फिल्टर’ या दोन प्रॉपर्टी पाहा. जुनी नावे बहुधा तेथेच लपून बसतात.

प्रश्न : बिलातील प्रत्येक ओळीचा कर १०.३३ छापला जातो. अशा तीन ओळींची बेरीज ३०.९९ व्हायला हवी, तर रिपोर्ट ३१.०० दाखवतो. एका पैशासाठी ग्राहक वाद घालतात.

उत्तर : ग्राहकांचे म्हणणे रास्त आहे. छापताना १०.३३ दिसत असले तरी आत १०.३३४ असू शकते. फॉरमॅटमुळे फक्त दिसणे बदलते, साठवलेली किंमत बदलत नाही. तिनांची खरी बेरीज ३१.००२ होते आणि ती ३१.०० दिसते. ओळीचा कर क्वेरीतच दोन दशांश स्थळांपर्यंत ‘राउंड’ करून घ्या आणि त्या पूर्ण केलेल्या रकमांची बेरीज घ्या. मात्र ॲक्सेसचे ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. तुमच्या हिशेबनिसांना नेहमी वरच नेण्याची सवय असेल, तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. रकमेच्या फील्डचा डेटा प्रकार ‘डबल’ असेल तर तो ‘करन्सी’ करावा.

प्रश्न : नाशिकरोड येथील आमच्या शाळेत दाखल्यांचा रिपोर्ट मराठीत आहे. कार्यालयातील जुन्या संगणकावर तो उत्तम छापला जातो. नव्या संगणकावर विद्यार्थ्यांची नावे इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात. काही नावे आम्ही नव्याने टाइप केली, तर त्यांच्या वेलांट्या आणि उकार छापताना कापले जातात. शिवाय एका शिक्षकांनी बटणामागे मराठी संदेश लिहिला, तेथे नुसती प्रश्नचिन्हे येतात.

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन निराळे आजार आहेत.

पहिला फॉन्टचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वी मराठीसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. त्यामुळे टेबलमध्ये साठलेली अक्षरे खरोखरच इंग्रजी आहेत. जुन्या संगणकावरचा फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो, इतकेच. नव्या संगणकावर तोच फॉन्ट बसवला तर आजचा दाखला छापता येईल, पण नावे अकारविल्हे लागणार नाहीत आणि युनिकोडमध्ये टाइप करून शोधलेले नाव सापडणार नाही. ॲक्सेस २००० या आवृत्तीपासून युनिकोड साठवू शकते, तेव्हा नावे एकदाच रूपांतरित करून घेणे हाच खरा उपाय. प्रतीवर काम करा, नावांचा स्तंभ एक्सेलमध्ये काढा, रूपांतर करा आणि परत घेण्यापूर्वी डोळ्यांखालून घाला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांकडे विशेष लक्ष द्या. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असे, युनिकोडमध्ये क्रम उलट आहे, आणि रूपांतर करणारी साधने अडखळतात ती बहुधा याच दोन ठिकाणी.

दुसरा चौकटीच्या उंचीचा. रिपोर्ट बेतताना चौकटींची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली दोन्हीकडे जागा लागते. चौकटीत ‘सूर्यवंशी’ हे आडनाव घालून पाहा. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, शेजारी अनुस्वार आणि शेवटी वेलांटी असे सगळेच त्यात आहे, त्यामुळे ते न कापता छापले गेले तर शाळेतील बाकीची नावेही निभावतील. अक्षराचा आकार लहान करण्याऐवजी चौकट उंच करा. फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय ठेवा, म्हणजे तो विंडोजच्या बहुतेक संगणकांवर मिळेल.

तिसरा व्हीबीएचा. त्याची लिहिण्याची खिडकी युनिकोड जाणत नाही. तुमच्या शिक्षकांची काहीही चूक नाही. मराठी संदेश एका टेबलमध्ये लिहून ठेवावेत आणि गरजेच्या वेळी तेथून उचलून फॉर्मवरील चौकटीत दाखवावेत. टेबल आणि फॉर्म दोघांनाही देवनागरी व्यवस्थित कळते.

प्रश्न : आमच्या संस्थेत चार संगणकांवरून सामायिक फोल्डरमधील एकच ॲक्सेस फाइल वापरली जाते. गेल्या आठवड्यात वीज गेली, इन्व्हर्टर वेळेवर लागला नाही आणि तेव्हापासून एक फॉर्म उघडताच ॲक्सेस बंद पडते. इतर फॉर्म चालतात. कॉम्पॅक्ट (फाइल आवळून दुरुस्त करण्याची सोय) करून उपयोग झाला नाही.

उत्तर : इतर फॉर्म चालत आहेत आणि टेबले उघडत आहेत, म्हणजे डेटा सुखरूप आहे, जखमी झाला आहे तो एक फॉर्म. चारही जणांना बाहेर पडायला सांगा आणि फाइलशेजारी ‘एलएसीसीडीबी’ या शेपटाची छोटी फाइल राहिली आहे का, ते पाहा. फाइल कोण वापरत आहे याची नोंद तिच्यात असते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप नाहीशी होते. कुणीही आत नसताना ती उरली असेल तर ती वीज गेली तेव्हाची आहे, काढून टाका. मग नवी कोरी डेटाबेस फाइल करून ‘एक्स्टर्नल डेटा’मधून जुन्या फाइलीतील टेबले, क्वेऱ्या, फॉर्म, रिपोर्ट सगळे त्यात आणा, फक्त तो एक फॉर्म सोडून. तो महिन्यापूर्वीच्या प्रतीतून उचलला तरी चालेल. फॉर्मच्या जुन्या प्रतीमुळे एकही नोंद जुनी होत नाही.

पुढच्या वेळी हे टाळायचे असेल तर फाइलीचे दोन भाग करा. ‘डेटाबेस टूल्स’मध्ये ‘ॲक्सेस डेटाबेस’ नावाचे बटण आहे, ते हे काम करून देते. टेबले सामायिक फोल्डरमधील फाइलीत राहतील आणि फॉर्म, क्वेऱ्या व रिपोर्ट असलेल्या फाइलीची वेगवेगळी प्रत चारही संगणकांवर ठेवायची. चौघांनी एकच फॉर्म एकाच फाइलीतून उघडणे हेच बिघाडाचे मोठे कारण असते. सामायिक फाइल वायरच्या नेटवर्कवर वापरा. वाय-फायवर क्षणभर जोड तुटला तरी लिहिणे अर्धवट राहते. ती फाइल ऑनलाइन आपोआप प्रती घेणाऱ्या फोल्डरमध्येही ठेवू नका. फाइलीचा आकार २ जीबीच्या जवळ जात असेल तर जुनी वर्षे वेगळ्या फाइलीत काढा, कारण ॲक्सेसची मर्यादा तेवढीच आहे. आणि इन्व्हर्टर चारही संगणकांना असो वा नसो, ज्या संगणकावर टेबलांची फाइल आहे त्याला स्वतंत्र यूपीएस घ्या, आणि नेटवर्कचा स्विचही त्याच यूपीएसवर जोडा. नाहीतर वीज गेल्यावर संगणक चालू राहील आणि जोड मात्र तुटेल.